बिग स्टारचा सांगीतिक वारसा

बिग स्टार हा अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात इ.स. १९७१ मध्ये स्थापन झालेला रॉक बँड होता. ॲलेक्स चिल्टन (गायन, गिटार), क्रिस बेल (गायन, गिटार), अँडी हमेल (बास गिटार) आणि जोडी स्टीव्हन्स (ड्रम) हे त्याचे मूळ सदस्य होत. पहिल्या कालखंडात हा बँड जेमतेम चार वर्षे टिकला. या काळात त्याने तीन अल्बम ध्वनिमुद्रित केले. त्यांपैकी दोन प्रकाशित झाले, पण दुकानांपर्यंत पुरेसे पोहोचले नाहीत, आणि तिसरा बँड विसर्जित झाल्यानंतर काही वर्षांनी प्रकाशित झाला. तरीही पॉवर पॉप या संगीतप्रकाराच्या इतिहासात बिग स्टारचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९८० नंतरच्या पर्यायी रॉक संगीतावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या बँडांमध्येही त्याची गणना होते.

बिग स्टारचे विक्रीतील अपयश आणि त्याचा नंतरचा प्रभाव यांत मोठी तफावत आहे. हा प्रभाव विक्रीच्या आकड्यांतून निर्माण झाला नाही. समीक्षक, फेरप्रकाशने आणि प्रामुख्याने इतर संगीतकार यांच्यामार्फत तो हळूहळू पसरला.

पार्श्वभूमी

बेल, हमेल आणि स्टीव्हन्स हे मेम्फिसमधील तरुण संगीतकार १९७० च्या सुमारास एकत्र वाजवीत असत. जॉन फ्राय यांच्या आर्डेंट स्टुडिओत त्यांचा वावर होता. हा स्टुडिओ त्या काळातील आधुनिक यंत्रसामग्रीने सज्ज होता आणि फ्राय तेथे तरुणांना ध्वनिमुद्रणाचे तंत्र शिकवीत. रात्री स्टुडिओ रिकामा असताना या तरुणांना तेथे स्वतःची गाणी मुद्रित करण्याची मुभा मिळे. बिग स्टारच्या ध्वनिमुद्रणांतील स्वच्छ, लख्ख आवाजाचे श्रेय बव्हंशी फ्राय यांना दिले जाते.

१९७१ मध्ये ॲलेक्स चिल्टन या गटात सामील झाले. ते त्यापूर्वीच प्रसिद्ध होते. द बॉक्स टॉप्स या बँडचे गायक म्हणून त्यांनी गायलेले 'द लेटर' हे गाणे १९६७ मध्ये अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. त्या वेळी चिल्टन अवघ्या सोळा वर्षांचे होते. मात्र बॉक्स टॉप्समध्ये गाण्यांची निवड आणि मांडणी निर्मात्यांच्या हाती असे. नव्या बँडमध्ये त्यांना स्वतःची गाणी लिहिण्याचे स्वातंत्र्य मिळाले. बेल आणि चिल्टन यांनी लेनन–मॅकार्टनी यांच्या धर्तीवर जोडीने गीतलेखनाचे श्रेय घेण्यास सुरुवात केली.

बँडचे नाव मेम्फिसमधील 'बिग स्टार' या किराणा दुकानांच्या साखळीवरून घेतलेले होते. पहिल्या अल्बमला 'नंबर वन रेकॉर्ड' असे शीर्षक देण्यात आले. 'मोठा तारा' आणि 'पहिल्या क्रमांकाची ध्वनिमुद्रिका' ही दोन्ही नावे पुढे घडलेल्या घटनांमुळे उपरोधिक ठरली.

संगीतशैली

पॉवर पॉप या संज्ञेचा वापर द हू या ब्रिटिश बँडचे पीट टाउनशेंड यांनी १९६७ मध्ये केला होता. पुढे ती एका विशिष्ट संगीतप्रकाराचे नाव म्हणून रूढ झाली. सहज लक्षात राहणारी चाल, एकाहून अधिक गायकांची स्वरसंगती, ठसठशीत गिटार, जोरकस ड्रम आणि साधारण तीन-चार मिनिटांचे आटोपशीर गाणे ही या प्रकाराची लक्षणे सांगितली जातात. बीटल्स, द किंक्स, द हू आणि द बर्ड्स हे १९६० च्या दशकातील बँड त्याचे मूळ आदर्श मानले जातात.

बिग स्टारचा काळ या शैलीला अनुकूल नव्हता. १९७० च्या दशकाच्या आरंभी रॉक संगीतात दीर्घ वादन, भारदस्त ध्वनी आणि गुंतागुंतीच्या रचना यांना महत्त्व आले होते. मेम्फिस हे शहर तर सोल आणि ब्लूज संगीतासाठी ओळखले जाई. अशा ठिकाणी इंग्लंडमधील आधीच्या दशकातील पॉप संगीताकडे वळणारा हा बँड काहीसा एकाकी होता.

तथापि बिग स्टारचे संगीत केवळ अनुकरण नव्हते. 'थर्टीन' या गाण्यात दोन ध्वनिक गिटार आणि संयत स्वरसंगती यांच्या साहाय्याने किशोरवयीन प्रेमाची अस्फुट भावना मांडली आहे, तर 'इन द स्ट्रीट' मध्ये संध्याकाळी रस्त्यांवर भटकणाऱ्या तरुणांचा रिकामा वेळ आहे. उत्साही चालीखाली दडलेली उदासी आणि असुरक्षितता हे बिग स्टारचे वैशिष्ट्य समजले जाते. दुसऱ्या अल्बमपासून गिटारचे तुटक, अनपेक्षित वळण घेणारे वादन आणि किंचित विस्कळीत वाटणारी लय यांची त्यात भर पडली. नंतरच्या पिढीतील बँडांनी चाल आणि स्वरसंगतीइतकेच हे अस्थिरपणही उचलले.

अल्बम आणि वितरणातील अपयश

'नंबर वन रेकॉर्ड' १९७२ मध्ये आर्डेंट रेकॉर्ड्सने प्रकाशित केला. आर्डेंटच्या ध्वनिमुद्रिकांचे वितरण मेम्फिसमधील स्टॅक्स रेकॉर्ड्सकडे होते. स्टॅक्स ही सोल संगीतातील अग्रगण्य कंपनी होती, परंतु रॉक संगीताची दुकाने आणि नभोवाणी केंद्रे यांच्याशी तिचा तितका संबंध नव्हता. संगीतव्यवसायातील नियतकालिकांनी अल्बमची प्रशंसा केली. काही ठिकाणी गाणी नभोवाणीवर वाजलीही, पण ती ऐकून दुकानात गेलेल्या ग्राहकास ध्वनिमुद्रिका मिळत नसे. पुढे स्टॅक्सने कोलंबिया रेकॉर्ड्सशी वितरणाचा करार केल्यानंतरही परिस्थिती सुधारली नाही. पहिल्या प्रकाशनाच्या वेळी या अल्बमच्या १०,००० हून कमी प्रती विकल्या गेल्या.

या अपयशाचा सर्वाधिक आघात बेल यांच्यावर झाला. अल्बमच्या निर्मितीत त्यांचा वाटा मोठा होता, पण प्रसिद्धीचा झोत आधीपासून परिचित असलेल्या चिल्टन यांच्यावर राहिला. बँडमध्ये कलह वाढले आणि १९७२ च्या अखेरीस बेल बाहेर पडले.

मे १९७३ मध्ये आर्डेंटच्या प्रसिद्धी विभागाने मेम्फिसमध्ये रॉक संगीतावर लिहिणाऱ्या पत्रकारांचे एक संमेलन भरविले. त्यात उर्वरित तीन सदस्यांनी सादर केलेल्या कार्यक्रमाला मिळालेल्या प्रतिसादामुळे बँड पुन्हा उभा राहिला. बँडच्या पुढील वाटचालीच्या दृष्टीने हे संमेलन महत्त्वाचे मानले जाते, कारण ग्राहकांपर्यंत न पोहोचलेला हा बँड तेथे समीक्षकांपर्यंत पोहोचला. पुढील काळात बिग स्टारचे नाव जिवंत ठेवण्यात या लेखकवर्गाचा वाटा मोठा होता.

दुसरा अल्बम 'रेडिओ सिटी' १९७४ च्या आरंभी प्रकाशित झाला. त्याच्या मुखपृष्ठावर छायाचित्रकार विल्यम एगलस्टन यांचे, लाल छत आणि त्यावरील उघड्या दिव्याचे प्रसिद्ध छायाचित्र आहे. याच अल्बममधील 'सप्टेंबर गर्ल्स' हे बँडचे सर्वाधिक परिचित गाणे ठरले. शीर्षकात 'गर्ल्स' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग 'आय'ऐवजी 'यू' घालून मुद्दाम बदललेले आहे. दरम्यान, स्टॅक्सशी करार घडवून आणणारे कोलंबियाचे अध्यक्ष क्लाइव्ह डेव्हिस यांना मे १९७३ मध्येच पदावरून दूर करण्यात आले होते आणि दोन्ही कंपन्यांचे संबंध बिघडले होते. परिणामी या अल्बमचे वितरणही रखडले व सुमारे २०,००० प्रतीच विकल्या गेल्या. शिक्षण पूर्ण करण्यासाठी हमेल यांनीही बँड सोडला.

तिसरा अल्बम

१९७४ च्या उत्तरार्धात चिल्टन आणि स्टीव्हन्स यांनी निर्माते जिम डिकिन्सन यांच्यासह आर्डेंट स्टुडिओत तिसऱ्या अल्बमचे काम केले. पूर्वीच्या अल्बमांतील प्रसन्नता येथे जवळजवळ नाहीशी झाली. 'होलोकॉस्ट' आणि 'कँगरू' यांसारख्या गाण्यांत संथ लय, विरळ वाद्ये, विस्कटलेला ध्वनी आणि तीव्र निराशा आढळते. तंतुवाद्यांच्या संयोजनामुळे काही गाण्यांना एखाद्या स्वगतासारखे रूप आले आहे.

फ्राय आणि डिकिन्सन यांनी हे ध्वनिमुद्रण अनेक कंपन्यांना ऐकविले, परंतु त्यात व्यावसायिक शक्यता कोणासही दिसली नाही. बँड विसर्जित झाला आणि डिसेंबर १९७५ मध्ये स्टॅक्सही दिवाळखोरीत गेली. अल्बम प्रथम १९७८ मध्ये पीव्हीसी रेकॉर्ड्सने प्रकाशित केला. तो 'थर्ड' आणि 'सिस्टर लव्हर्स' अशा दोन नावांनी ओळखला जातो. त्याचे शीर्षक आणि गाण्यांचा क्रम बँडने कधीही अंतिम केला नव्हता. त्यामुळे निरनिराळ्या आवृत्त्यांत गाण्यांची संख्या व क्रम वेगळा आहे. २०१६ मध्ये 'कम्प्लीट थर्ड' या नावाने तीन सीडींचा संच प्रकाशित झाला. त्यात कच्च्या ध्वनिमुद्रणांपासून अंतिम रूपापर्यंतचे टप्पे एकत्र केले आहेत.

विसर्जनानंतर

बँड विसर्जित झाल्यानंतर सदस्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हमेल अभियंता झाले आणि त्यांनी टेक्सासमधील विमान उद्योगात नोकरी केली. स्टीव्हन्स १९८७ पासून आर्डेंट स्टुडिओच्या व्यवस्थापनात काम करू लागले. चिल्टन यांनी जाणीवपूर्वक खडबडीत शैलीतील एकल अल्बम काढले आणि द क्रॅम्प्स या बँडच्या ध्वनिमुद्रणाची निर्मिती केली. १९८० च्या दशकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स येथे स्थायिक झाल्यावर काही काळ त्यांनी उपाहारगृहात भांडी धुण्याचे कामही केले.

बेल यांचे 'आय ॲम द कॉसमॉस' हे एकल गाणे १९७८ मध्ये क्रिस स्टेमी यांच्या कार रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने प्रकाशित केले. त्याच्या दुसऱ्या बाजूवरील 'यू अँड युअर सिस्टर' या गाण्यात चिल्टन यांनी साथीचे गायन केले आहे. त्याच वर्षी २७ डिसेंबर रोजी मेम्फिसमध्ये मोटार अपघातात बेल यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय २७ वर्षे होते. बिग स्टारची ख्याती वाढलेली त्यांना पाहता आली नाही. त्यांची एकल गाणी 'आय ॲम द कॉसमॉस' याच नावाच्या अल्बमच्या रूपात १९९२ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर चौदा वर्षांनी प्रकाशित झाली.

वारसा

फेरप्रकाशने

१९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिले दोन अल्बम एकत्रितपणे पुन्हा प्रकाशित झाले. त्याच वर्षी 'थर्ड' ही बाहेर आला. मूळ ध्वनिमुद्रिका दुर्मीळ असल्याने तोवर हे संगीत हस्ते-परहस्ते ऐकले जात होते. १९९२ मध्ये पहिले दोन अल्बम एकाच सीडीवर उपलब्ध झाले. रायकोडिस्क कंपनीनेही त्या वर्षी 'थर्ड', १९७४ मधील एका नभोवाणी कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आणि बेल यांचा एकल अल्बम प्रकाशित केला. त्यामुळे बँडचे जवळजवळ सर्व काम प्रथमच सर्वसामान्य श्रोत्यांना सहज मिळू लागले. २००९ मध्ये 'कीप ॲन आय ऑन द स्काय' हा चार सीडींचा संच प्रकाशित झाला.

संगीतकारांवरील प्रभाव

बिग स्टारचा प्रभाव प्रथम अमेरिकेच्या दक्षिणेकडील संगीतकारांत रुजला. नॉर्थ कॅरोलायनातील क्रिस स्टेमी आणि पीटर होल्सॅपल यांच्या द डीबीज या बँडने, तसेच मिच ईस्टर यांनी बिग स्टारचा आदर्श समोर ठेवला. ईस्टर हे पुढे जॉर्जियातील आर.ई.एम. या बँडच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांचे सहनिर्माते झाले. आर.ई.एम.चे पीटर बक आणि माइक मिल्स यांनी बिग स्टारचे ऋण वेळोवेळी मान्य केले आहे. १९८० च्या दशकात आर.ई.एम.ची कीर्ती वाढली, तसे त्यांच्या श्रोत्यांचे लक्षही या विस्मृत बँडकडे वळले.

मिनियापोलिस येथील द रिप्लेसमेंट्स या बँडने १९८७ मध्ये 'प्लीज्ड टू मीट मी' हा अल्बम आर्डेंट स्टुडिओत आणि डिकिन्सन यांच्याच निर्मितीखाली केला. त्यातील एका गाण्याचे शीर्षकच 'ॲलेक्स चिल्टन' असे आहे. दुसऱ्या एका गाण्यात स्वतः चिल्टन यांनी गिटार वाजविली आहे. त्याआधी १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या द बँगल्स या बँडने 'डिफरंट लाइट' या आपल्या अत्यंत यशस्वी अल्बममध्ये 'सप्टेंबर गर्ल्स' गायले. बिग स्टारच्या मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा कितीतरी अधिक श्रोत्यांपर्यंत ते गाणे या रूपात पोहोचले.

ब्रिटनमध्ये हा प्रभाव दोन भिन्न मार्गांनी दिसतो. धिस मॉर्टल कॉइल या गटाने १९८४ च्या 'इट्ल एंड इन टिअर्स' या अल्बममध्ये 'होलोकॉस्ट' आणि 'कँगरू' ही गाणी नव्याने सादर केली. त्यांनी 'थर्ड' मधील अंधाऱ्या, संथ बाजूचा स्वीकार केला. याउलट ग्लासगो येथील टीनेज फॅनक्लब या बँडने 'रेडिओ सिटी' मधील गिटार आणि स्वरसंगती यांचा वारसा घेतला. त्यांचा 'बँडवॅगनेस्क' हा अल्बम १९९१ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा समीक्षकांनी त्याची बिग स्टारशी उघड तुलना केली. 'स्पिन' या अमेरिकी मासिकाने त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून निर्व्हानाच्या 'नेव्हरमाइंड' ऐवजी त्याची निवड केली.

हे दोन प्रवाह पुढेही वेगळे राहिले. जेफ बकली यांनी 'कँगरू' सादर केले, तर एलियट स्मिथ आणि विल्को यांनी 'थर्टीन'. बिग स्टारला केवळ पॉवर पॉप बँड म्हणणे अपुरे ठरते, ते यामुळेच. हे नाव पहिल्या दोन अल्बमांना योग्य आहे. तिसऱ्या अल्बमचे अनुयायी मात्र बहुतांशी पॉवर पॉपबाहेरचे आहेत.

लोकप्रिय संस्कृती

१९९८ मध्ये सुरू झालेल्या 'दॅट सेव्हन्टीज शो' या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकगीत 'इन द स्ट्रीट' वर आधारित होते. दुसऱ्या पर्वापासून ते चीप ट्रिक या बँडच्या आवाजात वाजू लागले. १९७० च्या दशकात फारच थोड्यांनी ऐकलेले गाणे अशा प्रकारे त्याच दशकाची ओळख म्हणून घरोघरी पोहोचले. २०१० मध्ये केटी पेरी यांच्या 'कॅलिफोर्निया गर्ल्स' या गाण्याच्या शीर्षकात 'गर्ल्स' चे स्पेलिंग 'सप्टेंबर गर्ल्स' प्रमाणे 'यू' घालून करण्यात आले. त्याच वर्षी निधन पावलेल्या चिल्टन यांना ती आदरांजली होती.

'रोलिंग स्टोन' मासिकाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमांच्या यादीत बँडच्या तिन्ही मूळ अल्बमांचा समावेश होता. 'रेडिओ सिटी' ४०३ व्या, 'नंबर वन रेकॉर्ड' ४३८ व्या आणि 'थर्ड' ४५६ व्या स्थानावर होता.

पुनर्मीलन

२५ एप्रिल १९९३ रोजी मिसूरी विद्यापीठाच्या कोलंबिया येथील परिसरात बिग स्टारचा पुनर्मीलनाचा कार्यक्रम झाला. विद्यापीठाच्या विद्यार्थी नभोवाणी केंद्राने त्यासाठी पुढाकार घेतला होता. चिल्टन आणि स्टीव्हन्स यांच्यासोबत सिॲटल परिसरातील द पोझीज या बँडचे जॉन ऑअर आणि केन स्ट्रिंगफेलो हे सहभागी झाले. बिग स्टारची गाणी ऐकत घडलेल्या पिढीतील हे दोघे पुढे बँडचे सदस्य म्हणून राहिले. या चौघांनी २००५ मध्ये 'इन स्पेस' हा अल्बम काढला. त्याला मिळालेला प्रतिसाद संमिश्र होता.

१७ मार्च २०१० रोजी न्यू ऑर्लिन्स येथे हृदयविकाराने चिल्टन यांचे निधन झाले. तीनच दिवसांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात बिग स्टारचा कार्यक्रम व्हायचा होता. तो रद्द न करता उर्वरित सदस्य आणि इतर कलाकारांनी श्रद्धांजली म्हणून सादर केला. मेम्फिसचे प्रतिनिधी स्टीव्ह कोहेन यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहात चिल्टन यांना आदरांजली वाहिली. त्याच वर्षी १९ जुलै रोजी हमेल यांचेही कर्करोगाने निधन झाले. मूळ चौघांपैकी एकटे स्टीव्हन्स उरले.

नंतरची सादरीकरणे

डिसेंबर २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील कारबोरो येथे स्टेमी यांच्या पुढाकाराने संपूर्ण 'थर्ड' अल्बम तंतुवाद्यांच्या वृंदासह रंगमंचावर सादर करण्यात आला. एकेकाळी कोणत्याही कंपनीने न स्वीकारलेल्या या गाण्यांचे प्रयोग पुढे अमेरिकेत आणि परदेशातही झाले. स्टीव्हन्स आणि माइक मिल्स यांनी त्यांत भाग घेतला. २०१२ मध्ये बँडवरील 'बिग स्टार : नथिंग कॅन हर्ट मी' हा माहितीपट प्रदर्शित झाला. 'नंबर वन रेकॉर्ड' ला ५० वर्षे झाल्यानिमित्त २०२२ मध्ये स्टीव्हन्स, मिल्स, स्टेमी, ऑअर आणि विल्कोचे पॅट सॅन्सोन यांनी त्या अल्बममधील गाणी सादर केली.

मूल्यमापन

बिग स्टारच्या अपयशाचे कारण श्रोत्यांची नापसंती हे होते, असे म्हणण्यास फारसा आधार नाही. बहुसंख्य श्रोत्यांना हे संगीत नाकारण्याचीही संधी मिळाली नाही. करारांतील गुंतागुंत, वितरणातील अव्यवस्था आणि स्टॅक्सची घसरण ही कारणे अधिक निर्णायक होती. दुसरीकडे, दुर्लक्षित राहिल्यामुळेच या बँडभोवती एक प्रकारचे वलय निर्माण झाले, असेही निरीक्षण नोंदविले जाते. दुर्मीळ ध्वनिमुद्रिका शोधून काढणाऱ्या श्रोत्याला ती आपली खासगी ठेव वाटे, आणि तो ती आग्रहाने इतरांना ऐकवी.

स्वतः चिल्टन या वलयाविषयी साशंक होते. बिग स्टारच्या कामाला अवाजवी महत्त्व दिले जाते, असे मत त्यांनी मुलाखतींतून अनेकदा व्यक्त केले. मात्र पुनर्मीलनानंतर सतरा वर्षे ते ही गाणी गात राहिले. या संगीताचे मूल्य त्याच्या निर्मात्यांच्या मताने किंवा विक्रीच्या नोंदींनी ठरले नाही. ते ऐकून स्वतः वाद्य हाती घेतलेल्या पुढील पिढ्यांच्या कामातून ते सिद्ध झाले.

स्टुडिओ अल्बम

नंबर वन रेकॉर्ड (१९७२)
रेडिओ सिटी (१९७४)
थर्ड / सिस्टर लव्हर्स (ध्वनिमुद्रण १९७४, प्रकाशन १९७८)
इन स्पेस (२००५)